शाळेत न जाणाऱ्या मुलाने इतिहास कशातून वाचावा?

वर्धा जिल्ह्यात शाळेबाहेर वाढलेली मुले ही काही नवलाई नाही. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावात राहायला गेले. महादेवभाई देसाई त्या काळात वर्ध्यात मगनवाडीला राहत आणि तिथून पायी शेगावला जाऊन परत येत. जाऊन-येऊन अकरा मैल, तेही वर्ध्याच्या उन्हात. त्यांचा मुलगा नारायण तेव्हा बारा वर्षांचाही नव्हता. त्याने शाळा लहानपणीच सोडली ती कायमची. पुढचे सगळे शिक्षण वडिलांकडे आणि आश्रमातल्या माणसांकडे झाले. हेच नारायणभाई देसाई पुढे गुजरातीतले मोठे चरित्रकार झाले. वडिलांच्या चरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि गांधीजींचे चरित्र त्यांनी चार खंडांत लिहिले. जमनालाल बजाजांची मुलेही शाळेपेक्षा विनोबांपाशी अधिक शिकली. म्हणजे ज्याला आज ‘होमस्कूलिंग’ म्हणतात त्याचे एक रूप या जिल्ह्याने नव्वद वर्षांपूर्वी पाहिलेले आहे.

आजही वर्ध्याच्या आसपास काही घरे आहेत. कोणी शहरातली नोकरी सोडून शेती करायला आलेले, कोणी इथल्याच संस्थांमध्ये काम करणारे. मुले सहा-सात वर्षांची असेपर्यंत या घरांना काही अडत नाही. माती असते, झाडे असतात, सूत असते, गोष्टी असतात. अडते ते मूल चौदाचे झाले की. शिक्षणहक्क कायद्याचे वय तिथे संपते आणि दहावीचा प्रश्न सुरू होतो. मुक्त विद्यालयातून बसवायचे की सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, यावर घरात महिनोन्महिने चर्चा चालते. गणित-विज्ञानाची सोय कशीतरी होते. इतिहासाचे काय, असे विचारले की दोन गठ्ठे पुढे येतात. एक परीक्षेच्या गाइडांचा आणि दुसरा ऐतिहासिक कादंबऱ्यांचा. मधली जागा रिकामी असते.

मी गेली काही वर्षे अशा चार-पाच घरांत पुस्तके नेऊन देते आणि दोन-तीन आठवड्यांनी जाऊन मुलांशी बोलते. त्यामुळे ‘मुलांना आवडेल असे इतिहासाचे पुस्तक सांगा’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. यातला ‘आवडेल’ हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. शाळेत पुस्तक कितीही कोरडे असले तरी समोर एक शिक्षक असतो. तो चांगला असेल तर पुस्तकाच्या बाहेरचे सांगतो, वाईट असेल तर निदान शेजारच्या बाकावरचा मुलगा वाद घालतो. घरी शिकणाऱ्या मुलाला यातले काहीच नसते. त्याच्यापुढे पुस्तक एकटे असते आणि पुस्तकापुढे ते मूल. म्हणून त्याच्या हातात जे द्यायचे त्याने रमवले पाहिजेच, पण लिहिणाऱ्याला हे कसे कळले, तेही त्यातच कुठेतरी दिसले पाहिजे. नाहीतर मूल नुसते विश्वास ठेवायला शिकते, आणि इतिहासात विश्वास ठेवायची सवय आपल्याकडे आधीच पुष्कळ आहे.

शाळेबाहेरच्या मुलीसाठी लिहिलेल्या इतिहासाचे आपल्या देशातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नेहरूंची इंदिरेला लिहिलेली पत्रे. २६ ऑक्टोबर १९३० ला नैनी तुरुंगात पहिले पत्र लिहिले गेले, ९ ऑगस्ट १९३३ ला शेवटचे. एकूण १९६ पत्रांतून जगाचा इतिहास. इंदिरेचे शिक्षण तेव्हा घर, आंदोलन आणि वेगवेगळ्या शाळा यांत तुटत-जुळत चालले होते, त्यातली काही वर्षे पुण्यात गेली. नेहरूंपाशी ग्रंथालय नव्हते. आधीच्या वाचनाच्या टिपणवह्या आणि मिळतील ती पुस्तके यांवर काम भागवले आणि एच. जी. वेल्सचे ऋण त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले. पुस्तकात चुका आहेत, घाईची विधाने आहेत. तरी सोळा वर्षांचे मूल ते धरून बसते असा माझा अनुभव आहे. कारण चीनच्या सम्राटाबद्दल लिहिता लिहिता लेखक मध्येच थांबतो आणि बाहेर कोणाला पकडले, काय बातमी आली हे सांगतो. हा इतिहास कोणीतरी, कुठेतरी बसून, कोणालातरी सांगतो आहे हे विसरताच येत नाही. शालेय पुस्तकात सांगणारा माणूस पुसून टाकलेला असतो.

वर्ध्यानेही या बाबतीत एक प्रयत्न केला होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचा अहवाल आला. हस्तोद्योगातून शिक्षण एवढेच आपल्याला आठवते. अहवालासोबतचा समाजशास्त्राचा अभ्यासक्रम मात्र फारसा कोणी वाचत नाही. पहिल्या वर्षीच्या मुलांसाठी त्यात काय सुचवले आहे पाहा: पिरॅमिड बांधणाऱ्या एका साध्या गुलामाची गोष्ट, मोहेंजोदडोच्या एका मुलाची गोष्ट, चीनच्या पहिल्या पाच सम्राटांची आणि वेदकाळातल्या शुनःशेपाची. फारो आधी नाही, गुलाम आधी. १९३७ साली, ज्या देशात इतिहास म्हणजे राजांच्या कारकिर्दी पाठ करणे होते, तिथे हे लिहिणे ही मोठी गोष्ट होती. पण तो अभ्यासक्रम सात ते चौदा वयाचा. चौदाच्या पुढे मूल गेले की गोष्ट पुरत नाही. गुलामाची गोष्ट तुम्हाला कशी कळली, असे ते विचारू लागते. या पुढच्या टप्प्यासाठी उत्तर बुनियादी शाळा निघाल्या, पण त्या वयाच्या मुलाला पुरतील अशी इतिहासाची पुस्तके मराठीत त्या चळवळीतून आली नाहीत. गांधीजींना स्वतःला पाठ्यपुस्तकांचा भरवसा नव्हता, शिक्षकाचा जिवंत शब्द त्यांना मोलाचा वाटे. शिक्षकच नसलेल्या घरात ही भूमिका उपयोगाची नाही, असे मला स्पष्टपणे वाटते.

पुस्तक शिक्षकाची जागा घेऊ शकते का? सेवाग्रामातच ४ जून १९४७ ला ज्यांनी देह ठेवला त्या धर्मानंद कोसंबींचे उदाहरण मी पालकांना सांगते. गोव्यातल्या साखवाळ गावचा हा मुलगा. शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले, घरची नारळाची बागायत सांभाळण्यात दिवस जाणारे. ‘बालबोध’ नावाच्या मुलांच्या मराठी मासिकात बुद्धावरचा एक लेख त्याच्या वाचनात आला. मासिकातली थोडीशी पाने. त्यांच्या ओढीने माणूस १८९९ मध्ये घराबाहेर पडला तो पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत सिंहलद्वीपात पोचला, पाली शिकला आणि पुढे हार्वर्डला जाऊन काम करून आला. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आले. ते मी पंधरा वर्षांच्या मुलाला बिनधास्त देते. त्यात लढाई नाही, राजा नाही. एका धडपड्या माणसाला पोटभर जेवण मिळत नाही, काशीत अन्नछत्राच्या दारात उभे राहावे लागते, आणि तरी त्याला एक गोष्ट जाणून घ्यायचीच आहे. मुलांना यातली भूक लगेच समजते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा हिंदुस्थान तिकीट, धर्मशाळा, भाषा आणि जातीची विचारपूस यांसह त्यात आयता येतो. घरी शिकणाऱ्या मुलाला या पुस्तकातून आणखी एक गोष्ट मिळते. शाळा सुटली म्हणजे गुरू सुटत नाहीत, ते शोधत हिंडावे लागते, हे त्याला कोणी न सांगता दिसते.

तरी एकच पुस्तक निवडायचे झाले तर मी गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ निवडीन. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जापायी १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दानधर्म होईल, असे कानावर आले होते. वाटेत बंड उभे राहिले. भटजी झाशीत अडकले, वेढा पाहिला, शहर लुटले जाताना पाहिले, मिळवलेले पैसे गमावले, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतले. चौदा-पंधराच्या मुलामुलींना हे पुस्तक थरारक वाटते यात आश्चर्य नाही. माझे लक्ष मात्र ते वाचून झाल्यावर काय होते याकडे असते.

पहिल्या वाचनात मुले झाशीच्या राणीपाशी थांबतात. भटजींनी तिचा दिनक्रम सांगितला आहे, तिचा पोशाख, तिची कचेरी. हे सगळे तिला जवळून पाहिलेल्या माणसाचे आहे. मग मी विचारते, बंड का झाले याचे कारण भटजी काय देतात? ते सांगतात की सरकारने राजेरजवाड्यांसमोर ८४ कलमे ठेवली, धर्म बुडवणारी. हे त्यांनी कुठे पाहिले? पाहिलेले नाही, वाटेत ऐकलेले. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच पुस्तकात दोन जातीचे पुरावे आहेत: डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले. हे वेगळे करायला मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. फक्त पेन्सिल द्यावी लागते. एका मुलीने पाहिलेल्या मजकुराला सरळ रेघ आणि ऐकलेल्याला नागमोडी रेघ मारली होती. पुस्तक संपले तेव्हा तिने आपणहून सांगितले की ऐकीव गोष्टही फेकून देता येत नाही, कारण लोक १८५७ मध्ये कशावर विश्वास ठेवत होते ते त्यातूनच कळते. महाविद्यालयात इतिहास शिकणाऱ्यांना हे वाक्य सुचायला कधी कधी दोन वर्षे लागतात.

आणि याच पुस्तकाची पुढची कथा आणखी कामाची आहे. भटजींनी हे चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिले. सरकारची भीती होती म्हणून ते लेखकाच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये छापले गेले, आणि वैद्यांनी छापताना मजकुरात बराच फेरफार केला. मूळ बाडावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. दोन्ही आवृत्त्या मिळवून एखादे प्रकरण समोरासमोर ठेवले की सोळा वर्षांच्या मुलाला संपादन, सभ्यता, भीती आणि देशभक्ती यांनी मजकुरावर काय संस्कार होतात ते दिसते. मी यावर व्याख्यान देत नाही. दोन पाने उघडून चहा प्यायला आत जाते.

आता कादंबऱ्यांकडे. मराठी घरात इतिहासाची भूक ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘पानिपत’ यांनी भागवली जाते, आणि याबद्दल नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. माझेही वाचन तिथूनच सुरू झाले. कादंबरी काढून घ्यायची आणि तिच्या जागी प्रबंध द्यायचा हा मुलांवर अन्याय आहे. तिच्या शेजारी दुसरे पुस्तक ठेवायचे, एवढेच करायचे. ‘श्रीमान योगी’च्या बाबतीत तर ते दुसरे पुस्तक त्याच बांधणीत आहे. नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना मुले हमखास ओलांडून पुढे जातात. कादंबरी संपल्यावर तीच प्रस्तावना वाचायला सांगावी. शिवाजी महाराजांच्या मोठेपणाचा हिशेब नुसत्या लढायांवरून आणि शौर्यावरून मांडता येईल का, हा प्रश्न कुरुंदकर ज्या धिटाईने घेतात, ती धिटाई आदराच्या आड येत नाही हे मुलाला दिसते. त्यानंतर गोविंद पानसऱ्यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही छोटी पुस्तिका एका बैठकीत वाचून होते. मूल तिच्याशी सहमत होवो की न होवो, रयत, वतन, शेतसारा हे शब्द त्याच्या शिवाजीत येतात.

पानिपतचे तसेच. विश्वास पाटलांची कादंबरी १९८८ ची. ती वाचून झालेल्या मुलाला मी त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ देते. ते जड जाते, सगळे वाचून होत नाही. होऊ नये असेही मी म्हणेन. लढाईच्या आधीचे दोन महिने आणि उपासमार एवढाच भाग पुरे. सोबत ‘भाऊसाहेबांची बखर’ आणि शुजाच्या छावणीतून सगळे पाहणारा काशीराज. मराठी गोटात काय चालले होते ते एकाला ठाऊक, अफगाण गोटात काय चालले होते ते दुसऱ्याला. एका घरातल्या दोन भावंडांनी यावर रात्रभर भांडण केले, थोरला बखरीच्या बाजूने, धाकटा काशीराजाच्या. आईने मला फोन करून तक्रार केली. मला त्या तक्रारीचे समाधान वाटले.

मराठी कपाटातली मोठी त्रुटी मात्र कादंबरी ही नाही. ते कपाट लढायांनी भरलेले आहे, ही आहे. गांधीजींनी १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये एक मुद्दा मांडला होता, तो इतिहास शिकवणाऱ्याने रोज आठवावा असा आहे. आपण ज्याला इतिहास म्हणतो ती जगरहाटीत पडलेल्या खंडांची नोंद असते. दोन भाऊ भांडले आणि कोर्टात गेले तर बातमी होते, भांडून समेट केला तर होत नाही. हा मुद्दा मान्य केला तर मुलाला युद्धाइतकीच धान्याची, कापडाची, शाळेची गोष्ट द्यावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेच्या २००६ च्या नववीच्या इतिहासात क्रिकेटवर आणि कपड्यांवर स्वतंत्र प्रकरणे होती. पुढे ती पुस्तकातून गाळली गेली. जुन्या प्रती रद्दीच्या दुकानात मिळतात. मी त्यांतल्या तीन विकत घेतल्या आणि तिन्ही सध्या बाहेर आहेत.

शाळेच्या गोष्टीसाठी पुन्हा सेवाग्रामला यावे लागते. धरमपाल हे नाव मराठी वाचकाला फारसे परिचित नाही. उत्तर प्रदेशात कांधला इथे १९२२ मध्ये जन्मले. इतिहासाची पदवी नाही, कॉलेजचे शिक्षण सोडून स्वातंत्र्य चळवळीत गेले. नंतर लंडनच्या दप्तरखान्यात वर्षानुवर्षे बसून हाताने कागद उतरवून घेतले. आयुष्याचा शेवटचा मोठा काळ सेवाग्राममध्ये काढला आणि २४ ऑक्टोबर २००६ ला तिथेच वारले. पदवीशिवाय इतिहासाच्या वाटेला जाणाऱ्या माझ्यासारख्यांना त्यांचा आधार वाटतो. पण त्यांचे ‘द ब्यूटिफुल ट्री’ हे १९८३ चे पुस्तक मी मुलांना देते ते त्या कारणाने नाही. त्यात एक वाद सबंध छापलेला आहे म्हणून देते.

२० ऑक्टोबर १९३१ ला गांधीजी लंडनच्या चॅटम हाउसमध्ये म्हणाले की पन्नास किंवा शंभर वर्षांपूर्वीपेक्षा आजचा हिंदुस्थान अधिक निरक्षर आहे. इंग्रजांनी माती उकरून मुळे पाहिली, ती तशीच उघडी ठेवली आणि तो सुंदर वृक्ष मेला. श्रोत्यांत सर फिलिप हार्टोग होते, ढाका विद्यापीठाचे माजी कुलगुरू. त्यांनी विचारले, पुरावा काय? आणि हा पिच्छा त्यांनी आठ वर्षे सोडला नाही. पत्रे लिहिली, गांधीजींना भेटले, व्याख्याने दिली, १९३९ मध्ये पुस्तक काढले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गांधीजींनी शेगावहून त्यांना उत्तर पाठवले. त्याचा आशय असा, की मी शोध सोडलेला नाही, ज्यांना विचारले ते माझ्या मताला दुजोरा देतात, पण पुरावा म्हणून मान्य होईल असे काही त्यांनी दिलेले नाही. हे पत्र मी सोळा वर्षांच्या मुलांना मोठ्याने वाचायला लावते. आपल्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवरून गेलेले पत्र, लिहिणारा सगळ्या जगात गाजलेला, आणि तो सांगतो आहे की माझ्या हाती अजून प्रमाण नाही. मुले क्षणभर गप्प होतात.

प्रमाण धरमपालांनी शोधले. मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने १८२२ मध्ये प्रत्येक जिल्ह्याच्या कलेक्टरकडून देशी शाळांची माहिती मागवली होती. १८२६ च्या त्याच्या टिपणात १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी असा एकूण आकडा येतो. ते तक्ते धरमपालांनी जिल्हावार छापले. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी त्यात एक खास गंमत आहे. मद्रास शहरात शाळेत जाणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक मुले घरी शिकत असल्याची नोंद तिथल्या कलेक्टरने केली, आणि हा आकडा पाहून खुद्द मन्रोने लिहिले की यात काहीतरी चूक असावी. मग ती चूक आहे की नाही? इथे मूल आपल्या बाजूचा आकडा म्हणून टाळी वाजवते. त्याला विचारायचे, मन्रोला शंका का आली असेल, कलेक्टरने घरोघरी कोणाला पाठवले असेल, घरी शिकणे म्हणजे नेमके काय मोजले असेल. आपल्याला सोयीच्या आकड्यावर प्रश्न विचारता येणे हे कठीण असते, मोठ्यांनाही.

तक्त्यांचे उभे रकाने जातींचे आहेत. शूद्र म्हणून नोंदलेल्या मुलांची संख्या अनेक जिल्ह्यांत मोठी आहे, आणि देशी शाळा म्हणजे फक्त ब्राह्मणांच्या हा समज त्यामुळे डळमळतो. मुलींचा रकाना मात्र जवळजवळ कोरा राहतो. म्हणून या पुस्तकासोबत मी न चुकता एक छोटा मजकूर ठेवते. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे या किशोरवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वाचणाऱ्या मुलांच्याच वयाची लेखिका. तो सुंदर वृक्ष होताच, पण त्याच्या सावलीत कोण बसत होते आणि कोणाला पारावर चढू देत नव्हते, हे तिच्याकडून ऐकलेले बरे. धरमपालांच्या पुस्तकाला यामुळे उणेपणा येतो असे म्हणणारे मित्र मला भेटले आहेत. मला तसे वाटत नाही. दोन्ही वाचलेले मूल दोघांनाही अधिक गांभीर्याने घेते. धरमपाल इंग्रजीत आहेत, ही अडचण खरी. पण तक्ते आणि पत्रव्यवहार एवढेच वाचायचे असल्याने शब्दकोश घेऊन बसलेले मूल निभावून नेते.

जगाच्या इतिहासाबद्दल थोडक्यात सांगते. अर्न्स्ट गोम्ब्रिखने तरुणपणी व्हिएन्नात सहा आठवड्यांत लिहिलेला मुलांसाठीचा जगाचा इतिहास १९३५ चा, इंग्रजीत तो २००५ मध्ये आला. भाषा लोण्यासारखी, नजर मात्र युरोपची, हिंदुस्थान त्यात धावता भेटतो. शेवटच्या प्रकरणात म्हातारा गोम्ब्रिख आपल्याच जुन्या पुस्तकातली एक बाजू दुरुस्त करतो, तेवढ्यासाठी तरी ते घ्यावे. मराठीतच हवे असेल तर साने गुरुजींनी हेन्री टॉमसवरून केलेली ‘मानवजातीची कथा’ आहे. गुरुजींचा कळवळा कधी कधी इतिहासाच्या पुढे धावतो. मुले ते ओळखतात आणि त्यांना ते आवडतेही. लहान भावंडासाठी बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक पुरतात. ‘बालबोध’ने जे केले ते आता दुसरे कोणते मासिक करील, तर तेच.

शेवटी पायाखालची जमीन. वर्धा शहर १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वसवले गेले, आणि पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोचली. ही दोन वर्षे शेजारी का, हे विचारले की कापूस येतो, हिंगणघाटचा कापूस येतो, अमेरिकेतले यादवी युद्ध आणि मँचेस्टरच्या गिरण्या येतात. ३० डिसेंबर १९३८ ला उघडलेले मगन संग्रहालय याच प्रश्नाचे दुसरे टोक आहे. तिथले चरखे पाहून आलेल्या मुलाला आर. व्ही. रसेलचे १९०६ चे वर्धा जिल्हा गॅझेटियर द्यावे. इंग्रजी सरकारी आणि रुक्ष, पण गाव आपले असल्याने मूल ओळीओळीवर थांबते. आर्वीकडच्या एका घरात मुलाने त्यातले कापसावरचे पान आजीला मराठी करून सांगितले. कपाशीच्या जाती, पेरणी, भाव. आजीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “वेचणारीले इचारलं होतं का त्यानं?” मुलगा सध्या त्याच पुस्तकात मजुरीचे आकडे कुठे आहेत ते शोधतो आहे.